मुलांच्या हातात खरी करवत द्या

यंदा खंडेनवमीला आमच्या पाटावर पाच नवी हत्यारं होती. छोटी हातोडी, करवत, गिरमिट, कानस आणि क्लॅम्प. सगळी माझ्या नऊ वर्षांच्या लेकीची. झेंडूही तिनेच वाहिला.

"एवढ्याशा पोरीच्या हातात करवत?" हे तेव्हापासून सोसायटीत आणि नात्यात ऐकतोय. काहींचा रोख 'एवढ्याशा'वर असतो, काहींचा 'पोरी'वर. दुसऱ्यांशी मी बोलत नाही. पहिल्यांची काळजी खरी आहे, म्हणून त्यांच्यासाठी लिहितोय.

तिला आधी मी ऑनलाइन मिळणारा मुलांचा सुतारकाम संच आणून दिला होता. रंगीत डबा, प्लास्टिकच्या मुठी. करवतीला धार अशी नव्हतीच. पातं लाकडात शिरेना, म्हणून तिने अंगाचा जोर लावला. करवत उसळली ती थेट डाव्या अंगठ्यावर. जखम लहान होती, पण मला धडा मिळाला: बोथट हत्याराला जोर लागतो आणि जोर लावला की हात घसरतो.

मग तिला घेऊनच नाशिकच्या भद्रकालीत हार्डवेअरच्या दुकानात गेलो. अर्धा किलोच्या हातोडीने तिचं मनगट खाली जायचं, २०० ग्रॅमची बरोबर बसली. करवत घेतली जपानी पद्धतीची, ओढून कापणारी. आपली नेहमीची करवत ढकलताना कापते, म्हणून ती वाकू नये इतकं तिचं पातं जाड ठेवावं लागतं. ओढताना पातं ताणलेलं राहतं, त्यामुळे ते पातळ असलं तरी चालतं आणि लहान हाताला कमी ताकद पुरते.

पण सगळ्यात आधी घ्या तो क्लॅम्प! करवत लागते ती फळी धरणाऱ्या हाताला. फळी टेबलाला आवळली की तो हात मोकळाच.

लाकडासाठी सागाकडे जाऊ नका. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत यंत्रं ज्या खोक्यांतून येतात, त्यांचं पाइन मऊ असतं आणि भंगारवाल्याकडे मिळतं. फक्त शिक्का बघून घ्या. एचटी म्हणजे उष्णतेची प्रक्रिया, ते चालेल. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड, तो विषारी वायू आहे. ते लाकूड मुलांना अजिबात देऊ नका.

फिनलंडने हातकाम शाळेत आणलं १८६६ मध्ये. आपल्याकडे १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा आग्रह धरला. आणि आज आमच्या लेकीच्या कार्यानुभवाच्या तासाला तयार किटमधले तुकडे चिकटवतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

परवा तिने फळीवर रेघ मारली, बरोबर रेघेवरून कापली आणि मोजली तर थोडी कमी भरली. पुन्हा मोजली. मग कापलेल्या जागेकडे बराच वेळ बघत बसली. मी मुद्दाम गप्प होतो. "बाबा, करवतीने मधलं लाकूड खाल्लं," म्हणाली. पुढची फळी तिने रेघेच्या बाहेरून कापली. हे मी तिला सांगितलं नव्हतं.

आता पटाशी मागतेय. दोन्ही हात धारेच्या मागे ठेवायची सवय झाली की देणार. सध्या चिमण्यांसाठी खोकं चाललंय. त्याला ३२ मिलिमीटरचं भोक हवं, आणि तेवढं गिरमिट आमच्याकडे नाही. म्हणून तिने गोल आखून त्यावर शेजारी शेजारी बारीक भोकं पाडायला घेतली आहेत. मधला तुकडा निघाला की कड कानशीने घासायची. आज अकरा भोकं झाली.