चायकोव्स्कीच्या आधीचा तो ‘त्’

मराठी मजकुरात रशियन संगीतकार चायकोव्स्कीचं नाव ‘त्चैकोव्स्की’ असं छापलेलं दिसलं की माझी चिडचिड होते. हा ‘त्’ म्हणून दाखवा बरं कोणीतरी! रशियन माणूस म्हणत नाही, इंग्रज म्हणत नाही, मग आपणच का जीभ वाकडी करून घ्यायची?

रशियनमध्ये हे आडनाव एकाच अक्षराने सुरू होतं आणि त्याचा उच्चार सरळ च. चहातला च, चमच्यातला नव्हे. घोळ सुरू झाला पश्चिमेकडे. फ्रेंच माणूस ‘सीएच’ला श वाचतो (शँपेन आठवा), म्हणून त्याला च हवा असेल तर आधी ‘टी’ लावावा लागतो. जर्मनांना तर एका चसाठी टी, एस, सी, एच अशी चार अक्षरं खर्च करावी लागतात. एकोणिसाव्या शतकात रशियन संगीतकारांची नावं युरोपभर पोचली ती मुख्यतः या दोन भाषांतून. खुद्द चायकोव्स्कीही परदेशी पत्रांखाली सही करायचा ती ‘टीएससीएच’नेच.

इंग्रजीला खरं तर या टीची काहीच गरज नव्हती. पण आयतं स्पेलिंग मिळालं, ते चिकटलं. गंमत बघा, रशियन लेखक चेखवचं नाव रशियनमध्ये अगदी त्याच अक्षराने सुरू होतं. त्याच्याही नावाला पूर्वी इंग्रजीत टी लावायचे, तो पुढे गळून पडला. चायकोव्स्कीचा राहिला. चेखवने १८९० साली आपला एक कथासंग्रह चायकोव्स्कीला अर्पण केला होता. आज इंग्रजी ग्रंथालयात एक सीखाली सापडतो आणि दुसरा टीखाली.

आता अर्थ. आधीच सांगतो, ‘चाय’शी काही संबंध नाही. रशियनमध्येही चहाला चायच म्हणतात, त्यामुळे हा विनोद कमेंटमध्ये येणारच. आडनावाचं मूळ ‘चायका’. संगीतकाराचे पणजोबा फ्योदोर चायका, युक्रेनच्या पोल्टावा भागातले कोसॅक, म्हणजे तिथल्या लढवय्या समाजातले. आजोबा प्योत्र कीव्हला शिकले, सैन्यात वैद्यकी केली आणि चायकाचं चायकोव्स्की करून घेतलं. चायका हे साध्या माणसाचं नाव वाटतं, ‘स्की’ लावला की खानदानी. आपल्याकडच्या एखाद्या कावळ्यांनी ‘कावळेकर’ लावावं, तसंच.

चायका म्हणजे रशियनमध्ये समुद्रपक्षी, सीगल. चेखवच्या १८९६ सालच्या नाटकाचं नावही हेच. पण घराणं युक्रेनी, आणि युक्रेनीत चायका म्हणजे टिटवीच्या जातीचा पक्षीही! शिवाय कोसॅक ज्या होड्या घेऊन काळ्या समुद्रात उतरायचे, त्यांनाही चायकाच म्हणत. मला आपली टिटवी आवडते. ‘स्वान लेक’ (हंसांचं सरोवर) हा बॅले लिहिणाऱ्याच्या आडनावात टिटवी असावी, यात मजा आहे.

कोणी म्हणेल, मग इंग्रजांनीही टी काढून टाकावा. मला नाही तसं वाटत. दीडशे वर्षांच्या रेकॉर्डवर, पोस्टरवर, पुस्तकांच्या कण्यावर ते स्पेलिंग बसलंय. आणि काही स्पेलिंगं तर मालकाने स्वतः निवडलेली असतात. रशियन संगीतकार रखमानिनव १९१७ च्या क्रांतीनंतर देश सोडून अमेरिकेत गेला. तिथे तो आपलं आडनाव शेवटी दोन ‘एफ’ लावून लिहायचा. न्यूयॉर्कजवळच्या केन्सिको दफनभूमीत त्याच्या थडग्यावरही तेच आहे. तरी काही इंग्रजी संदर्भग्रंथांनी शास्त्रशुद्ध म्हणून ‘व्ही’ लावला. ही मला आगाऊपणाची कमाल वाटते. माणूस सही करून गेलाय, आता तुम्ही कोण?

रशियन संगीतकार दिमित्री शोस्ताकोविचची तर आणखी न्यारी तऱ्हा. जर्मन पद्धतीने लिहिलेल्या त्याच्या नावातली डी, एस, सी, एच ही अक्षरं जर्मन स्वरनामं म्हणून वाचली की चार सुरांची एक आकृती तयार होते. ती त्याने १९५३ च्या दहाव्या सिंफनीत वापरली आणि १९६० च्या आठव्या स्ट्रिंग क्वार्टेटची (चार तंतुवाद्यांसाठीची रचना) तर सुरुवातच तिने केली. तिथे इंग्रजी स्पेलिंग घेतलंत, तर ते सूरच मिळणार नाहीत.

पण देवनागरीची गोष्ट वेगळी. आपल्याकडे च आहे, तोही अस्सल. फ्रेंचांची अडचण इंग्रजांनी उचलली आणि इंग्रजीचं बघून आपण, हे म्हणजे उगाच तिसऱ्याचं ओझं वाहणं झालं. चायकोव्स्की लिहा, चैकोव्स्की लिहा, फक्त पुढचा तो ‘त्’ काढा. बोलताना जोर ‘को’वर द्या.

राहता राहिला व की फ. रशियन उच्चारात पुढे स आला किंवा शब्द तिथेच संपला की तिथला व फसारखा ऐकू येतो, म्हणजे बोलताना चायकोफ्स्की. रखमानिनवच्या शेवटच्या दोन एफांमागेही हेच आहे. मी व लिहितो, कारण मूळ आडनावात अक्षर ‘व’चंच आहे. फ लिहिणाऱ्यांशी माझं भांडण नाही.