‘पाच मिनिटांचे काम’ या आपल्या अभिप्रायाबद्दल

मान्यवर ग्राहक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपण आमच्या दुकानाला एक तारा देऊन लिहिलेला अभिप्राय आम्ही पुन्हा पुन्हा वाचला. बुधवारी दिलेला संगणक शनिवारपर्यंत अडकवून ठेवला, १७७० रुपये घेतले, केले काय तर बायॉसमधले (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या, मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्राममधले) एक सेटिंग बंद केले, जे पाच मिनिटांचे काम होते, आणि वर मशीन आधीपेक्षा मंद करून हातात दिले, असा त्याचा आशय आहे. आपल्याला मनस्ताप झाला आणि आपले काम खोळंबले, याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. मात्र ‘पाच मिनिटांचे काम’ हे शब्द आम्हाला लागले आहेत. दुरुस्तीसाठी दुकान शोधणारा माणूस हल्ली पायरी चढण्याआधी तारे मोजतो, त्यामुळे त्या शब्दांना उत्तर न देणे आमच्यासारख्या लहान दुकानाला परवडणारे नाही.

आपण स्वतः सुटे भाग मागवून जोडलेला संगणक घेऊन आलात तेव्हाची तक्रार अशी होती की विंडोज ११ बसवताना दर वेळी मध्येच ‘फाइल वाचता येत नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो, नाहीतर निळा पडदा येऊन मशीन पुन्हा सुरू होते. त्याआधी आपण पेनड्राइव्ह बदलून पाहिला होता आणि कोणाच्या तरी सल्ल्यावरून एक नवी एसएसडीही (फाइली कायमच्या साठवणारा भाग) विकत घेतली होती. आपली जुनी एसएसडी पूर्णपणे ठणठणीत आहे, हे आम्ही आपल्याला तेव्हाच सांगितले. आम्हाला नवी एसएसडी विकायची असती तर ती संधी समोरच होती, एवढेच येथे नोंदवतो.

बिघाड रॅमच्या (काम चालू असताना डेटा तात्पुरता ठेवणाऱ्या मेमरीच्या) बाजूला आहे, असा संशय आम्हाला पहिल्या संध्याकाळीच आला होता, हे आम्ही लपवत नाही. पेनड्राइव्हवरची फाइल खराब असेल तर इन्स्टॉलेशन बहुधा त्याच टप्प्यावर अडकते, आपले मात्र दर वेळी वेगळ्या टक्क्यावर कोसळत होते. विंडोजच्या सगळ्या फाइली पेनड्राइव्हवर एका मोठ्या दाबलेल्या फाइलमध्ये असतात, त्या रॅममध्ये उलगडून एसएसडीवर लिहिल्या जातात आणि लिहिताना त्यांची पडताळणी होते, त्यामुळे रॅममध्ये एखादा बिट जरी उलटला तरी उलगडलेली फाइल मूळ फाइलशी जुळत नाही आणि इन्स्टॉलर हात वर करतो. म्हणूनच बायॉसमध्ये सगळी रॅम व्यवस्थित दिसत असूनही विंडोज बसत नाही, असे घडू शकते.

आपल्या संगणकात रायझन ७ ७७०० हा प्रोसेसर आणि १६ जीबीच्या चार डीडीआर५ स्टिक (रॅमच्या पट्ट्या) आहेत, त्याही दोन वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या दोन जोड्या. स्टिकच्या खोक्यावर ६००० हा वेग छापलेला आहे. तो आकडा बायॉसमधले एक्स्पो नावाचे तयार सेटिंग सुरू केल्यावरच मिळतो, आणि एक्स्पो लावणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग (अधिकृत वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणे), असे प्रोसेसर बनवणारी एएमडी कंपनी स्वतःच सांगते. या प्रोसेसरसाठी एएमडीने अधिकृतपणे सांगितलेला वेग दोन स्टिक असतील तर ५२०० आणि चार असतील तर ३६०० इतकाच आहे, कारण एका चॅनेलवर (प्रोसेसर आणि रॅममधल्या एका मार्गावर) दोन स्टिक बसल्या की प्रोसेसरमधल्या, रॅम हाताळणाऱ्या मेमरी कंट्रोलरवर पडणारा भार वाढतो. चार स्टिकची ही मर्यादा खोक्यावर बहुधा लिहिलेली नसते, हा दोष ना आपला ना आमचा.

आता आपला मुख्य आक्षेप. संशय पहिल्याच दिवशी आला होता, तर तेव्हाच एक्स्पो बंद करून विंडोज बसवून का दिले नाही? दिले असते तर विंडोज कदाचित त्याच रात्री बसलेही असते. परंतु चारपैकी एखादी स्टिक मुळातच सदोष असती, तर वेग कमी केल्याने तो दोष काही आठवडे किंवा काही महिने झाकून राहिला असता आणि मग आपल्या व्हिडिओ एडिटिंगच्या एखाद्या अर्ध्या झालेल्या प्रोजेक्टमध्ये उगवला असता. शिवाय नंतरची जोडी आपण ऑनलाइन घेतली होती आणि ती परत करण्याची मुदत संपत आली होती, हे आपणच आम्हाला सांगितले होते. दोष स्टिकमध्ये आहे की चारही एकत्र चालवण्यात आहे, याचा निकाल त्या मुदतीच्या आत लागणे आपल्याच हिताचे होते. नुसती पाच मिनिटे घालवून आपल्याला परत पाठवणे आम्हाला सोपे होते, पण आमच्या मते ते योग्य नव्हते.

हा निकाल लावण्यासाठी विंडोजची गरज नसते. मेमटेस्ट८६ हा प्रोग्राम पेनड्राइव्हवरून थेट सुरू होतो आणि रॅमच्या प्रत्येक कप्प्यात निरनिराळे नमुने लिहून परत वाचतो. तो घाई करत नाही. एका स्टिकच्या चार फेऱ्यांना काही तास लागतात आणि ६४ जीबी एकत्र तपासायची तर रात्र जाते. चारही स्टिक ६००० वर लावल्या तेव्हा चुका दाखवणारी लाल अक्षरे लगेच दिसू लागली, त्याला खरोखर पाच मिनिटेच लागली असतील. त्यानंतर प्रत्येक स्टिक एकटी, एक्स्पोशिवाय तिच्या मूळ वेगावर तपासली आणि ती निर्दोष निघाली. मग दोन्ही जोड्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत आळीपाळीने बसवून ६००० वर तपासल्या, त्याही निर्दोष निघाल्या. दर वेळी रॅमची मांडणी बदलली की डीडीआर५चा मदरबोर्ड आधी स्वतःच तिची जुळवाजुळव करतो आणि तोवर काही मिनिटे पडदा काळा राहतो. (घरी मशीन ‘बंद पडले’ असे आपल्याला वाटले होते ते बहुधा हेच असावे. अशा वेळी बटण दाबून बंद करू नये, ही विनंती.)

यातच गुरुवार आला. पुण्यात गुरुवारी महावितरणची देखभाल असते हे आपल्यालाही ठाऊक आहे, आणि त्या दिवशी आमच्या गल्लीत संध्याकाळपर्यंत वीज नव्हती. आमचा यूपीएस मशीन नीट बंद करण्यापुरता आहे, तासन्‌तास चाचणी चालवण्यापुरता नाही. आपल्या मदरबोर्डचे बायॉसही सुरुवातीच्या काळातले होते. २०२३ साली या पिढीचे काही प्रोसेसर जादा व्होल्टेजमुळे जळाल्याचे उघड झाल्यावर, एसओसी व्होल्टेजला (मेमरी कंट्रोलर असलेल्या भागाला मिळणाऱ्या व्होल्टेजला) १.३ व्होल्टची मर्यादा घालणारी सुधारित बायॉस आली, त्याच्याही आधीचे ते होते. ते बदलणे आवश्यक होते, परंतु बदल चालू असताना वीज गेली तर मदरबोर्डच निकामी होऊ शकतो, म्हणून ते काम शुक्रवारी केले. नव्या बायॉसनंतर चारही स्टिक ६००० वर पुन्हा तपासल्या, चुका कमी झाल्या पण गेल्या नाहीत. एक्स्पो बंद करून ३६०० वर रात्रभर एकही चूक आली नाही. त्यानंतर शनिवारी सकाळी विंडोज पहिल्याच प्रयत्नात बसले, आणि ते आपण काउंटरवर उभे राहून पाहिले.

‘मशीन मंद केले’ या वाक्याचे विशेष वाईट वाटते, कारण तो निर्णय आपला होता. दोन स्टिक काढून ३२ जीबी ६००० वर चालवायची, की चारही ठेवून ६४ जीबी ३६०० वर, हे दोन्ही पर्याय आम्ही समोर ठेवले होते. एडिटिंगला जागा जास्त लागते, म्हणून ६४ ठेवा, असे आपण म्हणालात, आणि आमच्या मते ते योग्यच होते, कारण रॅम भरून डेटा एसएसडीवर जाऊ लागला की ६००० चा वेग असून नसून सारखाच. खेळांमध्ये फ्रेम थोड्या कमी होतील, हेही तेव्हाच सांगितले होते. आणखी एक गोष्ट लिहावी की नाही असा विचार करत होतो. बायॉसमध्ये काहीही बदललेले नाही, असे आपण मशीन देताना सांगितले होते, प्रत्यक्षात एक्स्पो सुरू होते. बऱ्याच मदरबोर्डवर ते पहिल्याच पानावर एका टिचकीने सुरू होते, त्यामुळे आपल्या लक्षात राहिले नसेल, आम्ही त्याचा दोष देत नाही.

राहिला पैशांचा प्रश्न. तपासणी, बायॉस आणि इन्स्टॉलेशन मिळून आमचे १५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे २७०, असे ते १७७० होतात. हे २७० रुपये आम्हाला मिळत नाहीत. चाचणीच्या दिवसांचे भाडे आम्ही लावत नाही, मशीन टेबल अडवून बसले तरीही नाही.

मशीन तपासणीत असताना रोज संध्याकाळी ग्राहकाला काय चालले आहे ते कळवण्याची काही व्यवस्था आम्ही करणार आहोत, आणि तपासणीला लागणाऱ्या वेळेचा अंदाजही शक्यतो पावतीवर लिहीत जाऊ. आपल्या चाचण्यांच्या निकालांचे फोटो आमच्याकडे आहेत, आपल्याला हवे असल्यास पाठवू. विचार बदलून ६००० चाच वेग हवा असेल तर मशीन घेऊन यावे, दोन स्टिक काढून सेटिंग बदलून देऊ, त्याचे पैसे घेणार नाही. वेग आणि ६४ जीबी दोन्ही हवे असतील तर चार स्टिक विकून ३२ जीबीच्या दोन स्टिकची एकच जोडी घ्यावी, आमच्याकडूनच घेतली पाहिजे असे नाही.

आपला नम्र,
दुकानमालक