दरवर्षी यांच्याकडूनच घेतो

काल देवगड हापूसची दोन डझनाची पेटी उघडली आणि खालच्या थरातून कन्नड पेपर निघाला. वरच्या थराला मराठी पेपर होता, तोही मुद्दाम सिंधुदुर्गच्या बातम्या वर येतील असा घातलेला. खाली मात्र कन्नड. मला कन्नड येत नाही, पण त्या गोल गोल अक्षरांत माझे अठराशे रुपये गेलेत एवढं स्वच्छ वाचता आलं.

मी भोळा नाही हे आधीच सांगतो, कारण घरात सध्या वेगळं मत आहे. खोटं कसं ओळखावं यावर मी महिनाभर व्हिडिओ बघतोय. नाकाला हात लावला का, पापण्या किती वेळा मिटल्या, नजर चुकवली का वगैरे. त्यामुळे ‘अस्सल देवगड हापूस’ बोर्डाखालच्या त्या माणसाला मी डोळ्यात डोळे घालून विचारलं, “नक्की देवगड?” तो म्हणाला, “पहाटे तीनला गाडी आलीय साहेब, फोंडा घाटातून.” नजर अजिबात हलली नाही, उलट मीच दुसरीकडे बघितलं.

आणि तेवढ्यात ते आजोबा. पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातात कापडी पिशवी, म्हणजे ज्यांना बघून बँकेतसुद्धा कुणी उलटा प्रश्न विचारत नाही तसे. पेटीतला एक आंबा उचलला, देठाशी नाक नेऊन डोळे मिटले आणि इतका वेळ मिटून राहिले की मला वाटलं बीपी लो झालं.

“घ्या,” डोळे उघडून म्हणाले. “मी दरवर्षी यांच्याकडूनच घेतो.”

“पण देवगडच ना?”

“अहो, माझी सख्खी बहीण दिलीय देवगडात! पन्नास वर्षं आंबे खातोय मी.”

“आत साका, म्हणजे गरात पांढरट खराब भाग, निघाला तर?”

“निघू दे की! साका हापूसलाच धरतो. निघाला तर अस्सल समजायचा.”

म्हणजे चांगला निघाला तर चांगला आणि खराब निघाला तर जास्त चांगला! यावर काय बोलणार, मी पैसे दिले. आजोबांनी पेटी उचलायला हातसुद्धा लावला.

घरी आईला सांगितलं तेराशेला मिळाली, आधी सोळाशे सांगत होता, मग मी म्हटलं बाराशे, मग तो म्हणाला साडेतेराशे, मग... आई म्हणाली, “अठराशे दिलेस ना?” हिने एकही व्हिडिओ बघितलेला नाही. म्हणे, खरा भाव सांगताना तू कधी एवढं बोलत नाहीस. मग तिने एक आंबा कापला, साल जाड, गर पिवळा, आणि दोन्ही फाका न बोलता माझ्यापुढे सरकवल्या.

रात्री झोप येईना म्हणून वाचत बसलो. २००६ मध्ये बाँड आणि डीपॉलो या दोन मानसशास्त्रज्ञांनी यावरचे आधीचे अभ्यास एकत्र करून बघितले, चोवीस हजारांवर माणसांचे अंदाज, तर खरं-खोटं बरोबर ओळखण्याचं प्रमाण निघालं ५४ टक्के. नाणं उडवलं तरी ५० येतात, म्हणजे माझा महिनाभराचा नेटपॅक चार टक्क्यांसाठी. नजर चुकवण्याचा तर खोट्याशी फारसा संबंधच नाही म्हणे. लाय डिटेक्टर लावावा म्हटलं तर २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलंय की संमतीशिवाय चालणार नाही, आणि आंबेवाला कशाला संमती देतोय.

कर्नाटकच्या आंब्याशी माझं वैर नाही हो. त्याच्या भावात द्या, मी आनंदाने रस करीन. पण २०१८ मध्ये हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर, पाच जिल्हे ठरले, पेपरात पेढे भरवतानाचे फोटो आले, आणि चौकात बोर्ड कुणीही लावतो. तिकडे देवगडचा बागायतदार माकडं हाकलून, फवारण्या करून टेकीला आलेला, त्याच्या नावावर भलताच माणूस भाव घेतो, आणि तपासायचं कुणी? मी. नाकाला हात लावला का ते बघून.

आज सकाळी तो कन्नड पेपर घेऊन भांडायला गेलो. विक्रेता नव्हता. गल्ल्यावर आजोबा बसलेले, मांडीवर डबा, पोळीबरोबर आंब्याची फोड.

“तुम्ही इथे?”

“जावई बँकेत गेलाय.”

“जावई? काल खोटं बोललात माझ्याशी!”

आजोबांना खरंच लागलं ते. घास खाली ठेवला. “काय खोटं बोललो? बहीण देवगडात आहे, फोन लावून देऊ? पन्नास वर्षं आंबे खातोय. दरवर्षी यांच्याकडूनच घेतो. पैसे देत नाही एवढंच.”

मी आठवून बघितलं. हा आंबा देवगडचा आहे असं ते एकदाही म्हणाले नव्हते.

पेपर घडी करून खिशात घातला आणि निघालो, तर मागून हाक. “अहो, पुढच्या आठवड्यात पायरी येतेय!”

“कुठली?”

“तुम्हाला कुठली पाहिजे?”