खणा, खणा!

त्या गृहस्थांवरचा राग अजून उतरलेला नाही. कचऱ्याने गच्च भरलेल्या जमिनीत मेटल डिटेक्टर घेऊन जुनी नाणी शोधणं हा माझा छंद. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. उकिडवा बसून माती उपसत होतो, तेवढ्यात डोक्यावर आवाज.

"काय पुरताय?"

"पुरत नाही, काढतोय."

निघाला खिळा. गृहस्थांनी तो माझ्या हातातून घेऊन उन्हात धरला. "एवढ्यासाठी एवढं मशीन? चुंबक पुरलं असतं की!"

मी समजावलं. लोखंडाचा आवाज गाळायची सोय यंत्रात असते, पण मोठं गंजकं लोखंड कधीकधी चांदीचा आव आणतं. ॲल्युमिनियमच्या डब्याची कडी आणि सोन्याची अंगठी यंत्राला बऱ्याचदा सारखीच भासते; कडी गाळायला जावं तर अंगठीही गळते. शिवाय खिळ्याशेजारच्या नाण्याचा आवाज मोठ्या कॉइलखाली (कॉइल म्हणजे यंत्राची जमिनीलगतची तबकडी) दबून जातो, म्हणून छोटी कॉइल लावून मुंगीच्या पावलांनी सरकायचं.

"म्हणजे मशीनला काही कळत नाही."

इथे माझा तोल गेला. म्हटलं, अहो, १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या अंगातली गोळी शोधायला टेलिफोनवाले ग्रॅहम बेल असलंच यंत्र घेऊन गेले होते!

"सापडली?"

"नाही. गादीत लोखंडी स्प्रिंगा होत्या, त्यांनी घोटाळा केला म्हणतात."

"आणि अध्यक्ष?"

"...गेले."

"बघा! तेव्हापासून सुधारणा नाहीच."

(अध्यक्ष गेले ते जंतुसंसर्गाने. डॉक्टरांनी न धुतलेली बोटं जखमेत घातली होती. त्याचं खापरही यंत्रावर? पण ऐकून कोण घेतो!)

मुकाट्याने माती लोटायला घेतली. खड्डा बुजवायचा, निघालेला कचरा सोबत न्यायचा, हा आमचा दंडक. दुसऱ्यांनी टाकलेली झाकणं आम्ही पिशव्या भरभरून वाहून नेतो, आणि वर लोक आम्हालाच विचारतात, "जमीन कशाला खराब करता?"

गृहस्थांनी खिशातून च्युइंगम काढलं, तोंडात टाकलं आणि त्याच्या चंदेरी कागदाचा बोळा माझ्या खड्ड्यात भिरकावला.

"आता बुजवताच आहात ना!"

काही बोललो नाही. फक्त कॉइल खड्ड्यावरून फिरवली. यंत्राने काय सुरेख सूर लावला! सकाळपासून असा लागला नव्हता.

"वाजलं!" गृहस्थ गुडघ्यांवर बसले. "खणा, खणा! आणि काही निघालंच, तर मी इथे होतो, लक्षात ठेवा."