आतडं म्हणजे तुंबलेला पाइप नव्हे

एकच मेसेज गेल्या काही दिवसांत तीन ग्रुपवर फिरताना पाहिला. माझ्या आत्याने तो नुसता वाचला नाही, अंमलातही आणला, म्हणून हे लिहायला बसलो. मेसेज थोडक्यात असा: प्रत्येकाच्या आतड्यांना वर्षानुवर्षांचा 5 ते 10 किलो मळ चिकटलेला असतो, रोज पोट साफ झालं नाही तर त्यातलं विष रक्तात उतरतं, पोटातली गुडगुड म्हणजे आत घाण सडत असल्याची खूण, म्हणून दर महिन्याला एरंडेल किंवा जुलाबाच्या गोळ्या घेऊन आतडी धुऊन काढा.

आधी तो चिकटलेला मळ. कोलोनोस्कोपीच्या, म्हणजे कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं आतून पाहण्याच्या तपासणीच्या, आदल्या दिवशी रुग्णाला पोट रिकामं करायचं औषध पाजतात. दुसऱ्या दिवशी पडद्यावर काय दिसतं? ओलसर, गुलाबी, चकाकणारं अस्तर आणि त्यातून दिसणारी रक्तवाहिन्यांची बारीक जाळी. वर्षांचे थर बसले असते तर ते काही तासांच्या औषधाने निघाले नसते आणि ती जाळीही दिसली नसती. शिवाय हे अस्तर मुळात टिकतच नाही. त्याच्या बहुतेक पेशी 3 ते 5 दिवसांत झडतात आणि नव्या येतात. जी भिंतच आठवड्याभरात बदलते, तिला वर्षांचा मळ चिकटणार कुठे? अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या गुदाशयात कडक मळाचा गोळा अडकतो हे खरं आहे, पण तो पोकळीत अडकलेला गोळा असतो, भिंतीवरचा लेप नव्हे. ‘पोटसफाई’च्या काही पावडरी घेतल्यावर दोरीसारखं जे बाहेर पडतं, ते बऱ्याचदा त्या पावडरीतलंच इसबगोल किंवा माती फुगून झालेलं असतं.

आतड्याला पाइप समजणं हीच यातली मूळ चूक आहे. पाइप स्वतः हलत नाही. आतडं हलतं, आणि त्यासाठी त्याला मेंदूच्या हुकमाची वाट पाहावी लागत नाही. त्याच्या भिंतीत कोट्यवधी मज्जापेशींचं स्वतंत्र जाळं आहे. बेलिस आणि स्टार्लिंग या इंग्लिश शास्त्रज्ञांनी 1899 मध्ये दाखवलं की आतड्यात घास आला की त्याच्या मागचा भाग आवळतो आणि पुढचा सैल पडतो. घास पुढे सरकतो तो असा. या हालचालीचा ठेका भिंतीतल्याच काहाल नावाच्या खास पेशी धरतात: जठरात मिनिटाला साधारण 3 लहरी, लहान आतड्याच्या सुरुवातीला 12 च्या आसपास.

गुडगुडीचं उत्तर यातच आहे. पोट रिकामं असलं की साधारण दीड-दोन तासांनी जठरापासून लहान आतड्याच्या टोकाकडे एक जोरदार लाट जाते. उरलेसुरले कण, झडलेल्या पेशी, जंतू असं सगळं ती पुढे ढकलते. पोटात कावळे ओरडतात तेव्हा बऱ्याचदा हाच झाडू फिरत असतो. म्हणजे मेसेज ज्याला घाणीचा आवाज म्हणतो, तो सफाईचा आवाज आहे! खाल्लं की ही लाट थांबते, म्हणून दिवसभर तोंड चालू ठेवणाऱ्याच्या आतड्याला ती संधी कमीच मिळते.

आता विषाचं. ही समजूत शंभर वर्षांहून जुनी आहे. लंडनचे नामांकित सर्जन आर्बथनॉट लेन यांनी तिच्यापायी रुग्णांची निरोगी मोठी आतडी कापून काढली. पुढे 1920 च्या सुमारास अमेरिकेत निरोगी माणसांच्या गुदाशयात नुसते कापसाचे बोळे भरून पाहिले. डोकं जड होणं, सुस्ती, चिडचिड हे सगळं झालं आणि कापूस काढल्यावर गेलं. कापसात कसलं विष? त्रास गुदाशय ताणला गेल्यामुळे होता. दिवसातून 3 वेळा ते आठवड्यातून 3 वेळा शौचाला होणं, त्रास नसेल तर, सर्वसाधारण मानतात. अपवाद एक सांगायलाच हवा: यकृत निकामी होत आलेल्या माणसाला बद्धकोष्ठता खरोखर घातक ठरते, पण त्याचं औषध डॉक्टरच ठरवतात.

आणि महिन्याचा जुलाब? आत्याचं काय झालं ते सांगतो. एरंडेल घेतलं, दिवसभर फेऱ्या झाल्या. पुढचे दोन दिवस काहीच नाही, म्हणून ती घाबरली आणि पुन्हा घेतलं. वास्तविक मोठं आतडं पूर्ण रिकामं झालं की भरायला दोन-तीन दिवस लागतातच. ती बद्धकोष्ठता नव्हतीच. दुसऱ्या खेपेला पाय लटपटायला लागले. जुलाबातून पाण्याबरोबर पोटॅशियमही जातं, आणि ते घटलं की स्नायू ढिले पडतात, आतड्याचेसुद्धा. गती वाढवायला घेतलेलं औषध वारंवार घेतलं तर अशी गतीच मारतं.

कोठा खरोखरच मंदावला असेल तर कारण शोधा. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, कोडीनसारखी वेदनाशामकं, काही मानसोपचाराची औषधं, थायरॉईड कमी पडणं, जुना मधुमेह, पार्किन्सन, पोटाची शस्त्रक्रिया, गरोदरपण, बसून राहणं, यांपैकी काहीही असू शकतं. आलेली संडासची भावना रोज दाबून ठेवणं हेही मोठं कारण आहे. सकाळी काही खाल्ल्यावर मोठं आतडं आपोआप जोर करतं, ती वेळ घाईत घालवू नका. आत्याच्या बाबतीत कॅल्शियमची गोळी निघाली. डॉक्टरांनी ती बदलली.

मळात रक्त, विनाकारण घटणारं वजन, उतारवयात अचानक बदललेली सवय, यात घरगुती उपाय करत बसू नका. आणि पोट फुगलंय, उलट्या होतायत, वारासुद्धा सरत नाही, अशा वेळी जुलाब चुकूनही देऊ नका. आतडं कुठेतरी अडलेलं असेल तर त्या जोराने ते फाटू शकतं. सरळ हॉस्पिटल गाठा.