सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळाविषयी फिरणाऱ्या संदेशाबाबत खुलासा

‘नान्नजचा माळ मेंढरांनी ओसाड केला; चराई कायमची बंद करून झाडे लावा, म्हणजे माळढोक परततील’, हा सोलापुरात फिरत असलेला संदेश दिशाभूल करणारा आहे. माळढोकाची मादी उघड्या माळावर, थेट जमिनीवर, बहुधा एकच अंडे घालते. दाट झाडी हा पक्षी टाळतो. अतिचराईने माळाची हानी होते हे खरेच, परंतु माळावरच राहणाऱ्या धाविक या लहान पक्ष्याला आखूड गवतच लागते आणि कळप पुढे सरकतो तेव्हा मेंढरांच्या लोकरीत अडकलेली कुसळे, म्हणजेच गवताचे बी, त्यांच्याबरोबर जाताना मी स्वतः पाहिले आहे. माझ्या मते अधिक मोठे नुकसान माळ नांगरून तेथे बागायत आणि ऊस आल्याने झाले. कृपया तो संदेश पुढे पाठवू नये.