आततायी म्हणजे दहशतवादी नव्हे

परवा एका मराठी बातमीत ‘दोन आततायी ठार’ असं वाचलं आणि खरंच वाईट वाटलं. मजकूर हिंदीवरून घाईघाईत उतरवलेला असणार. हिंदीत आततायी म्हणजे जुलमी, अत्याचारी. मराठीत मात्र आपण हा शब्द घरातल्याच माणसाला लावतो.

आमच्या धाकट्या काकांचं बांधावरून थोरल्या भावाशी वाजलं. तसेच तरातरा गेले आणि भावाच्या रानाकडे जाणारी पाईपलाईन कुदळीने फोडली. तीच लाईन पुढे त्यांच्या स्वतःच्या उसाला जात होती! संध्याकाळी आम्ही पोरं गेलो तेव्हा गाडीवाटेवर तळं साचलं होतं आणि काका चिखलात कुदळ धरून नुसते उभे होते. आजी एवढंच म्हणाली, “कसला रे आततायी तू! एक रात्र तरी मध्ये जाऊ द्यायचीस.”

आजी त्यांना उतावळा म्हणाली नाही. उतावळ्याला काहीतरी हवं असतं आणि ते लगेच हवं असतं, म्हणून तर गुडघ्याला बाशिंग. धांदरट माणूस घाईत कपबशी फोडतो, पण त्याच्या मनात काही नसतं. अविचारी तर कुणालाही म्हणता येतं. आततायीपणाला राग लागतो, हट्ट लागतो, आणि ‘होऊ दे काय व्हायचं ते’ ही जिद्द लागते.

मूळ संस्कृत शब्द भयंकर आहे, हे खरं. ‘आतत’ म्हणजे ताणलेलं. धनुष्य ताणून जिवावर उठलेला तो आततायी. आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र उपसून आलेला, धन, जमीन किंवा बायको पळवणारा, असे सहा आततायी स्मृतींत सांगितलेत. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन कौरवांना हाच शब्द वापरतो. मराठीने त्यातला खुनी काढून टाकला, ताणलेली दोरी तेवढी ठेवली. मला हे फार सुंदर वाटतं.

मग जुना अर्थच खरा, असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. ‘साहस’ म्हणजेही धर्मशास्त्रात बळजोरीचा गुन्हा होता. आज गिर्यारोहकाला साहसी म्हटलं तर कुणी रागावतं का?

बातम्यांसाठी दहशतवादी, अतिरेकी, हल्लेखोर असे शब्द आहेतच. साहेबांशी वाद झाला म्हणून त्याच दुपारी राजीनामा फेकून घरी आलेल्या मुलाला आईने काय म्हणायचं? त्यासाठी आततायीपणाशिवाय दुसरा शब्द मला तरी सापडत नाही.